सत्यशीला रुसली नव्हती

बद्रीनाथ सोळंकेला कॉलेजात सगळे बद्रीमामा म्हणत. शहराच्या दक्षिणेकडच्या एका खासगी मेडिकल कॉलेजात, शरीररचनेच्या विभागात तो एकतीस वर्षं परिचर होता. जिंतूर तालुक्यातल्या एका गावातून बाविसाव्या वर्षी पुण्यात आला तेव्हा त्याला हृदय डावीकडे असतं यापलीकडे शरीराची फारशी माहिती नव्हती. पहिले आठ दिवस प्रेतं टिकवायच्या फॉर्मॅलिनच्या वासाने त्याच्या घशाखाली घास उतरेना. नवव्या दिवशी उतरला, आणि त्यानंतर तो त्या शवविच्छेदनाच्या हॉलचाच होऊन गेला.

बरण्या पुसता पुसता, प्राध्यापकांच्या मागे ट्रे घेऊन उभं राहता राहता त्याने सगळं उचललं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलं त्याच्याभोवती जमत. हाडांची, नसांची नावं तो इंग्रजीत अचूक सांगे. पण त्याचा खरा जीव होता मेंदूवर. मेंदूचा नमुना तो लाडू उचलावा तसा दोन्ही हातांत अलगद घ्यायचा आणि पोरांना सांगायचा, "ही डावी बाजू. कपाळाच्या मागची ही तिसरी वळी, तिच्या या टोकाला बोलणं जुळतं. ही गेली की माणसाला कळतं सगळं, पण बोलता येत नाही. आता ही मागची, कानाच्या वरची. ही गेली तर माणूस भराभरा बोलतो, पण त्या बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचं बोलणंही त्याला कळत नाही. आणि दोन्हींना जोडणारी ही मधली तार." मुलं वहीत उतरवून घेत. विभागप्रमुख मॅडम एकदा दाराआडून ऐकत उभ्या राहिल्या होत्या आणि नंतर म्हणाल्या होत्या, "मामा, माझं लेक्चर तुम्हीच घेत जा." ते वाक्य त्याने घरी येऊन सत्यशीलाला तीनदा सांगितलं होतं.

सत्यशीला त्याची बायको. लग्न होऊन ती गावाकडून थेट धायरीला आली, तेव्हा धायरीत अजून शेतं होती. आता त्यांच्या खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसायची. एकुलती मुलगी सोनू, आयटी कंपनीत, वाकडला मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहणारी. घरात दोघंच. डॉक्टर मंडळींत वावरून बद्रीनाथची भाषा पुणेरी झाली होती. सत्यशीलाची झाली नव्हती. ती अजून "कामून" म्हणायची, "मह्या घरी" म्हणायची, "काय करायलेत" म्हणायची. घरात त्याला त्याचं काही वाटत नसे. चार लोकांत मात्र त्याचे कान तापत.

त्या शनिवारी सोसायटीत सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा खाताना सत्यशीला शेजारच्या मंदाकिनीताईंना म्हणाली, "इथल्या बाया पाकिटातल्याच रव्याचा करायलेत, पण लई गोड व्हायलाय बगा." दोन तरुण सुना एकमेकींकडे बघून हसल्या. बद्रीनाथने ते पाहिलं आणि मोठ्याने म्हणाला, "थांबा, हिचं भाषांतर मी करतो." आता सगळेच हसले. सत्यशीलाही हसली, पण तिने ताटली खाली ठेवली.

घरी आल्यावर ती म्हणाली, "मह्या बोलण्याचं हसू केलंत तुम्ही."

"मग चार लोकांत नको बोलत जाऊ," तो शर्टाची बटणं काढत म्हणाला. "गप्प बसलेलं काय वाईट?"

ती आत जाऊन अंथरूण घालू लागली.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी सव्वासात वाजता तो दाढी करत होता तेव्हा सत्यशीला स्वयंपाकघरातून म्हणाली, "दूध आलंय." एवढंच, पण स्वच्छ, नेहमीच्या आवाजात. सव्वासात हे त्याला पक्कं माहीत होतं, कारण तेव्हाच रेडिओवर बातम्या संपल्या होत्या.

पावणेआठला तिने चहा आणला. कप टेबलावर आदळला आणि निम्मा चहा बशीत सांडला. बद्रीनाथने वर पाहिलं. तिचं तोंड एका बाजूला थोडं वाकडं झालं होतं. ती त्याच्याकडे बघत होती, ओठ हलवत होती, आणि काहीतरी "त… त…" असं बोलून थांबली.

"राग चहावर नको काढू," तो म्हणाला.

ती तशीच उभी राहिली. मग भिंतीला हात लावत आत गेली.

त्यांच्या संसारात अबोले पुष्कळ झाले होते. सोनूच्या वेळी गरोदर असताना तिला माहेरी पाठवलं नाही म्हणून अकरा दिवस ती त्याच्याशी बोलली नव्हती. हाही तसाच, असं त्याने धरलं. आपलं चुकलं हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच त्याला आधी बोलायचं नव्हतं. कोण आधी बोलतं ते बघू, असं मनाशी म्हणून त्याने पिशवी उचलली आणि सव्वाआठच्या बसने मंडईला गेला. धायरीत भाजी मिळत नव्हती असं नाही. त्याला फक्त घरात थांबायचं नव्हतं. मंडईत भरताची चांगली वांगी मिळतात, तिला भरीत आवडतं, वांगी समोर ठेवली की आपोआप बोलणं सुरू होईल, असाही एक हिशेब होता.

नऊला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला. सत्यशीलाचा. मंडईच्या गलक्यात त्याने तो कानाला दाबून धरला. पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला. मग "त… त… त…" असा आवाज. जिभेने च् च् करावं तसा तो त्याला वाटला.

"बोलायचं नाही तर फोन कशाला करतेस?" तो म्हणाला, आणि त्याने फोन बंद केला.

फोन पुन्हा वाजू लागला तेव्हा त्याने बाजूचं बटण दाबून आवाज घालवला आणि तो खिशात टाकला. मग त्याने सावकाश वांगी निवडली, मंडईच्या मागे मिसळ खाल्ली, ओळखीच्या एका माणसाशी गप्पा मारल्या. अकरा वाजून पाच मिनिटांनी त्याने घराचं दार उघडलं.

सत्यशीला स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती, पाठ ओट्याला टेकलेली. उजवा हात मांडीवर उताणा पडला होता. डाव्या हातात फोन होता. त्याला पाहताच ती म्हणाली, "त… ता… ता…" आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

तिच्यासमोर गुडघे टेकेपर्यंत बद्रीनाथला सगळं कळून चुकलं होतं. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, कळतंय सगळं, शब्द निघत नाहीत. डावी बाजू, पुढची तिसरी वळी. वर्षाला दीडशे मुलांना तो हेच दाखवत आला होता, आणि स्वतःच्या घरात पावणेआठला ते समोर उभं राहिलं तेव्हा त्याने त्याला रुसवा म्हटलं होतं.

मंदाकिनीताईंनी गाडी काढली. त्या नारायण पेठेतल्या, शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्तीनंतर धायरीला राहायला आल्या होत्या. गाडी चालवताना त्यांनी एकच विचारलं, "कधीपासून?"

"आत्ताच," बद्रीनाथ म्हणाला.

हॉस्पिटलात पोचायला अकरा पस्तीस झाले. ड्यूटीवर होती ती डॉ. स्पृहा. सात-आठ वर्षांपूर्वी ती त्याच्याच हॉलमध्ये मेंदूचा नमुना हातात धरून उभी होती. तिने त्याला ओळखलं, पण वेळ घालवला नाही.

"मामा, काकू शेवटचं नीट बोलल्या ती वेळ सांगा. तुम्ही स्वतः ऐकलेली."

मंदाकिनीताई शेजारीच उभ्या होत्या. बद्रीनाथच्या तोंडून निघून गेलं, "साडेनऊ."

का म्हणाला, हे त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही. साडेनऊ म्हटलं की मंडईतला फोन पुसला जात होता. साडेनऊ म्हटलं की तो वेळेवर धावलेला नवरा होत होता. स्पृहाने कागदावर ९.३० लिहिलं, खाली 'माहिती देणारा: पती' असं लिहिलं आणि सत्यशीलाला स्कॅनला नेलं.

वीस मिनिटांनी ती बाहेर आली. मेंदूत रक्तस्राव नव्हता, गुठळी होती. "म्हणजे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येईल," ती म्हणाली. "साडेचार तासांच्या आत देतात. आपल्याकडे वेळ आहे. पण मामा, वेळ नक्की ना? उशिरा दिलं तर उलट मेंदूत रक्त सुटू शकतं. जीवही जाऊ शकतो. मी तुम्ही सांगितलेल्या वेळेवर विसंबून चाललेय."

नर्सने संमतीचा कागद पुढे केला. बद्रीनाथने पेन हातात घेतलं. पेन टेकवलं, आणि त्याचा हात तिथेच थांबला.

"साडेनऊ नाही," तो म्हणाला.

"मग?" स्पृहाने विचारलं.

"सव्वासात. 'दूध आलंय' म्हणाली. त्यानंतर नाही बोलली. पावणेआठला चहा सांडला, तोंड वाकडं होतं. मला वाटलं रुसली. नऊच्या आधी तिचा फोन आला होता, तिला बोलता येत नव्हतं. मी कट केला."

हे सगळं तो फरशीकडे बघत बोलला. मंदाकिनीताई दोन पावलांवर होत्या. त्यांनी काही ऐकलं नाही असं होणं शक्य नव्हतं.

स्पृहाने घड्याळ पाहिलं. बारा वाजले होते, सव्वासातपासूनचे साडेचार तास पंधरा मिनिटांपूर्वीच संपले होते. तिने नर्सच्या हातातला कागद परत घेतला, फाइलमधल्या ९.३० वर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी ७.१५ लिहून सही केली. मग तिने वरिष्ठांना फोन लावला. आणखी एक तपासणी झाली, तारेने गुठळी काढता येईल का ते पाहिलं. पण ती रक्तवाहिनीच्या फार बारीक फांदीत जाऊन बसली होती, तिथवर पोचता येत नव्हतं. आता नेहमीची औषधं, आणि वाट पाहणं.

"नऊला आणलं असतं तर?" बद्रीनाथने विचारलं.

"ते आता नको, मामा," स्पृहा म्हणाली. ती त्याला एक शब्दही लावून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

दुपारी सोनू धावत आली. "बाबा, कसं झालं?"

"एकदम झालं," तो म्हणाला. तो खोटं बोलला नव्हता, असं त्याने स्वतःला समजावलं. फक्त सगळं बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यशीला पूर्ण जागी होती. सोनू तिचा हात धरून बसली होती. बद्रीनाथ आत आला तशी सत्यशीलाची नजर त्याच्यावर खिळली. डावा हात उचलून तिने त्याच्याकडे बोट केलं, मग तोच हात कानापाशी नेला. "त… फ… ता…" ती सोनूला सांगत होती. पुन्हा बोट, पुन्हा कान.

"काय गं आई? बाबांना काय? कान दुखतोय?"

सत्यशीलाने मान जोरात हलवली. पुन्हा बोट, पुन्हा कान.

"दमवू नको तिला," बद्रीनाथ म्हणाला. "शब्द नाही सापडत तिला. तो भागच गेलाय."

सोनूने आईचे डोळे पुसले. आणि त्या क्षणी बद्रीनाथच्या छातीतलं काहीतरी सैल झालं. फोनची गोष्ट जिला माहीत होती, तिला ती सांगता येणार नव्हती. आपली सुटका झाली. पुढे कित्येक महिने त्याला बाकी सगळ्यापेक्षा याच गोष्टीने खाल्लं. फोन कट केला तेव्हा त्याला माहीत नव्हतं. हे मात्र त्याला पूर्ण माहीत असताना वाटलं होतं.

त्यानंतर स्तुती सुरू झाली. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सेक्रेटरींनी लिहिलं की श्री. सोळंके यांच्या प्रसंगावधानामुळे सौ. सोळंके यांना तत्काळ उपचार मिळाले. सोनूने तो मेसेज गावाकडच्या सगळ्यांना पाठवला. जिंतूरहून मेहुणा आला आणि बद्रीनाथचे हात हातात घेऊन म्हणाला, "दाजी, तुम्ही व्हतात म्हणून बहीण वाचली मही. दुसऱ्याच्या ध्यानातच आलं नसतं." बद्रीनाथने हात सोडवून घेतले आणि चहा सांगायला म्हणून बाहेर निघून गेला.

तिसऱ्या दिवशी मंदाकिनीताई डबा घेऊन आल्या. त्यांनी त्याला पॅसेजमध्ये बोलावलं.

"सोळंके, परवा वेळ तुम्ही दोनदा सांगितलीत. मुलीला कोणती सांगितलीत?"

सोनू ऐकत नाही ना म्हणून बद्रीनाथने खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"बरं. आणि एक. शनिवारी भाषांतर कुणी मागितलं नव्हतं. तुमच्या बायकोचं बोलणं आम्हाला कळत होतं."

एवढं बोलून त्या डबा देऊन गेल्या. नंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. पण जिन्यात त्यांची पावलं ऐकू आली की बद्रीनाथ दाराआड थांबायचा.

घरी आल्यावर आठवड्यातून दोनदा तेजसकडे जाणं सुरू झालं. तेजस वाचा-उपचार करणारा तरुण मुलगा होता, कर्वे रस्त्याच्या बाजूला त्याचं छोटं क्लिनिक होतं. सत्यशीलाचा पाय ठीक होता, हातही हळूहळू उचलता येऊ लागला. शब्द मात्र येत नव्हते. चित्रातली गाय बघून तिला गाय म्हणता येईना, पण "एक" म्हणून सुरुवात करून दिली की ती सरळ दहापर्यंत मोजायची. नुसतं "सात" म्हणायला सांगितलं की पुन्हा अडायची. एकदा तेजसने विचारलं, काकू लहानपणी काही गायच्या का. बद्रीनाथने सांगितलं, जात्यावरच्या ओव्या. तेजसने चाल गुणगुणायला लावली, आणि चालीबरोबर सत्यशीलाच्या तोंडून आख्खी ओळ बाहेर आली, एकही अक्षर न अडखळता. सोनू रडायला लागली. चाल बरीचशी उजव्या बाजूला असते, तेजस म्हणाला, तिथून कधीकधी शब्दांना वाट मिळते. एकतीस वर्षं मेंदू हातात धरूनही बद्रीनाथला हे ठाऊक नव्हतं. त्याने उजवी बाजू कधी मुलांना दाखवलीच नव्हती.

"काका, तुम्ही त्यांचे शब्द पूर्ण करता," तेजस त्याला म्हणाला. "ते करू नका. मनात दहा मोजा, थांबा."

थांबणं त्याला फार जड गेलं. सत्यशीला ओठ जुळवत असायची, तिच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, आणि तो मनात आकडे मोजत तिच्या तोंडाकडे बघत बसायचा. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. तिचं बोलणं संपेपर्यंत तो यापूर्वी कधी थांबला होता, हे त्याला आठवेना.

दोन महिन्यांनी एका सकाळी बाथरूमच्या नळाचा आवाज ऐकून ती म्हणाली, "पाणी… यायलंय." झटक्यानंतरचं तिचं पहिलं वाक्य. बद्रीनाथ पटकन बादली लावायला गेला आणि बादली भरून वाहू लागली तरी तिथेच उभा राहिला. तिच्यासमोर जायचं त्याला धाडस होईना.

तिसऱ्या महिन्यात तेजसने नवा सराव काढला. "आज फोन करू, काकू. काका बाहेरच्या खोलीत बसतील. तुम्ही त्यांना फोन लावायचा आणि एकच शब्द म्हणायचा, कुठलाही." शनिवार असल्याने सोनूही बरोबर आली होती. तेजसने सत्यशीलाच्या हातात फोन दिला.

सत्यशीलाने फोनकडे पाहिलं आणि तो टेबलावर उपडा ठेवला. तेजसने हसून पुन्हा हातात दिला. या वेळी तिने तो ढकलून दिला. फोन जमिनीवर पडला. ती खुर्चीत मागे सरकली, डावा हात तोंडावर ठेवला आणि मान हलवत राहिली. गेल्या तीन महिन्यांत तिने कुठल्याही सरावाला नाही म्हटलं नव्हतं.

"आई, अगं फक्त बाबांनाच लावायचाय," सोनू म्हणाली. "कशाला घाबरतेस?"

बद्रीनाथ बाहेरच्या खोलीतून दारात आला होता. सत्यशीलाने त्याच्याकडे पाहिलं. तिने या वेळी बोट केलं नाही, कानाला हात लावला नाही. सांगायचा प्रयत्न तिने केव्हाच सोडून दिला होता.

"मला घाबरते ती," बद्रीनाथ म्हणाला.

त्याने तिथेच, दारात उभ्या उभ्या सांगितलं. सत्यनारायणाच्या शिऱ्यापासून सांगितलं. सांडलेला चहा, मंडई, फोन, त्याने उच्चारलेलं वाक्य जसंच्या तसं, आवाज बंद करून खिशात टाकलेला फोन, मिसळ. डॉक्टरला आधी साडेनऊची वेळ सांगितली तेही. दुसऱ्या दिवशी ती बोट करून सांगत होती तेव्हा ती काय सांगत होती, ते आपल्याला कळत होतं, हेही सांगितलं. फक्त तेव्हा सुटका वाटली होती, एवढं सांगायला त्याची जीभ रेटेना.

तेजस खाली बघत फोनची काच पुसत होता. सोनूने विचारलं, "किती मिस्ड कॉल होते, बाबा?"

"चार."

"तुम्ही मोजलेत."

"रोज बघतो. पुसले नाहीत."

सोनूने आईला उठवलं, चप्पल घातली, रिक्षा बोलावली. त्या दोघी पुढे गेल्या, बद्रीनाथ बसने घरी आला. पुढचा दीड महिना सोनू दर शनिवारी यायची, आईजवळ बसायची, आणि त्याच्याशी गोळ्यांच्या वेळांपलीकडे काही बोलायची नाही. गावाकडच्या ग्रुपवर तिने लिहिलं की झालं ते वेळेत कळलं नव्हतं, आधीचा मेसेज चुकीचा होता. बस, एवढंच. मेहुण्याचा फोन येणं थांबलं.

कॉलेजात त्याच सुमाराला पहिल्या वर्षाच्या मुलांचा मेंदूचा भाग सुरू झाला. विभागप्रमुख मॅडमना खरं काय घडलं ते माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मामा, तुम्ही या मुलांशी बोला. लक्षणं ओळखून तुम्ही वहिनींना कसं आणलंत ते ऐकू दे त्यांना." बद्रीनाथने नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि मग हो म्हणाला.

दीडशे मुलं आणि पांढरे कोट. त्याने नमुना हातात घेतला, आणि पहिल्यांदाच काही न दाखवता तो परत खाली ठेवला.

"मी ओळखलं नाही," तो म्हणाला. "मॅडमना चुकीचं कळलंय. माझ्या बायकोचं तोंड वाकडं झालं, मला वाटलं नाक मुरडलं. तिच्या हातून कप निसटला, मला वाटलं आदळला. तिचं बोलणं बंद झालं, मला वाटलं अबोला धरला. आदल्या रात्री मीच तिला गप्प बसायला सांगितलं होतं. तिने फोन केला, तो मी तोडला. ही वळी मला पंचवीस-तीस वर्षं माहिती आहे. बरणीतली माहिती आहे."

मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "मग आम्ही काय लक्षात ठेवायचं, मामा?"

"तोंड, हात, बोलणं. यातलं एक जरी बिघडलेलं दिसलं तरी भांडण बाजूला ठेवायचं आणि घड्याळ बघायचं."

मॅडमनी त्यानंतर त्याला कधी लेक्चर घ्या असं म्हटलं नाही. आधी इतक्या प्रेमाने बद्रीमामा म्हणणारे दोन-तीन प्राध्यापक आता नुसतं सोळंके म्हणू लागले. त्याला ते योग्य वाटलं.

आता वर्ष होत आलं. सत्यशीलाला चाळीस-पन्नास शब्द येतात. ती मंदाकिनीताईंकडे जाऊन तासभर बसते. दोघी काय बोलतात कोण जाणे, पण हसण्याचा आवाज येतो. सोनू बद्रीनाथशी बोलू लागली आहे, आधीसारखं नाही, पण बोलते. फोन मात्र सत्यशीला अजूनही हातात घेत नाही.

गेल्या सोमवारी दुपारी जेवताना बद्रीनाथने तिला विचारलं. हे विचारायचं त्याने वर्षभर टाळलं होतं.

"सत्यशीला, मला माफ केलंस का?"

तो मनात मोजू लागला. चारपर्यंत आला तोच ती म्हणाली, "नाही."

तेजसने सांगून ठेवलं होतं की अशा माणसांची हो आणि नाहीमध्ये पुष्कळदा अदलाबदल होते. हो म्हणायचं असतं आणि नाही निघतं. म्हणून महत्त्वाचं काही विचारलं की खात्री करायला त्याने एक कार्ड दिलं होतं, एका बाजूला हो, दुसऱ्या बाजूला नाही. ते कार्ड फळीवर डब्याला टेकवून ठेवलेलं असायचं. बद्रीनाथने तिकडे पाहिलं, पण ते काढायला हात पुढे केला नाही.

सत्यशीलानेच काढलं. डाव्या हाताने ते ताटांच्या मधोमध ठेवलं आणि उजव्या हाताचं बोट, जे अजून थोडं थरथरतं, सावकाश नेऊन 'नाही'वर टेकवलं. ते घसरू नये म्हणून तिने डाव्या हाताने त्याला आधार दिला. बद्रीनाथने वाचलं हे दिसेपर्यंत तिने बोट उचललं नाही.

"बरं," तो म्हणाला.

तिने कार्ड बाजूला सारलं आणि वरणाचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. "घ्या," ती म्हणाली. त्याने वाढून घेतलं.

मंगळवारी तेजसकडे जायचं होतं. दोघं साडेनऊच्या बसने निघाले. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि बाहेरच्या पाट्या हळूहळू, एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचत राहिली. काही जणांनी वळून पाहिलं. बद्रीनाथ तिच्या शेजारी बसून ऐकत होता.